समतोल बिंदूखालची खोडलेली ओळ

हिंगण्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक मी तोलतो. धर्मकाट्यावर बसून वीस वर्षं झाली, म्हणून समतोल या विषयावर घरात माझ्याइतका अधिकार कोणाचा नाही, असा एक समज होता. तो समज फक्त माझा होता, ही गोष्ट वेगळी.

मुलगी नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या समतोल बिंदूचं मॉडेल केलं. एका टोकाला पिवळा रंगवलेला मोठा चेंडू, दुसऱ्या टोकाला निळी गोटी आणि गोटीच्या जरा अलीकडे तारेवर चमकीच्या कागदाचं यान. त्या जागी ठेवलेलं यान पृथ्वीची साथ न सोडता सूर्याभोवती फिरतं, एवढं मला समजलं होतं. निवडलेली मॉडेलं जिल्ह्याला जाणार होती आणि तिला जायचंच होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा यानाखालची पट्टी मला कोरी दिसली. पोरगी मुख्य गोष्टच विसरली! मी मार्कर घेतला आणि काट्यावरच्या बोर्डासारख्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘येथे दोन्हीकडची ओढ सारखी.’

शाळेत मॉडेलवरची चादर काढली आणि ती ओरडली, “बाबा! हे कोणी लिवलं?”

“मी. काहून?”

“चूक आहे ना! तुमाले कोणी सांगतलं हात लावाले? तिथं सूर्याची ओढ कितीतरी जास्त राहते. सूर्याच्या जवळचं यान जोरात फिरते, पृथ्वीच्या पुढं निघून जाते. पण पृथ्वी त्याले मागून जराशी धरून ठेवते, म्हणून दोघांची फेरी एकाच वर्षात होते.”

मार्कर पुसला जाईना. शेवटी तिनं वरून कागद चिकटवला, ‘येथे ओढ सारखी नसते, फेरीचा वेळ सारखा असतो.’

परीक्षक म्हणजे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. जिल्ह्यासाठी आधीच काढलेल्या नावांची यादी त्यांच्या हातात होती, मुलीचं नावही तिच्यात होतं. त्यांनी कागद वाचला, कपाळाला आठ्या घातल्या, कोपरा उचलून खालचं वाचलं. “हे कशाला झाकलं? हेच तर बरोबर आहे.”

विज्ञानात माझं उत्तर आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आलं होतं. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली.

“नाही सर,” मुलगी म्हणाली. “ओढ सारखी होते ती जागा पृथ्वीच्या खूप जवळ आहे, चंद्राच्याही अलीकडे. चंद्रावर पृथ्वीपेक्षा सूर्याचीच ओढ जास्त आहे. दुपटीहून जास्त! मग चंद्र पृथ्वीला सोडून काहून नाही गेला?”

तिनं गणिताची वही पुढं केली. सरांनी ती घेतली नाही. “मला शिकवू नकोस,” म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “तुम्ही समजदार दिसता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा कागद काढा, नाहीतर हिचं नाव जिल्ह्याच्या यादीतून कापतो.”

ते पुढच्या टेबलाकडे गेले. समजदार म्हटल्यावर माझा हात आपोआप कागदाकडे गेला. मुलगी बघत होती.

“तुले पक्कं माहीत आहे का वं?” मी हळूच विचारलं.

“हाव.”

“जिल्ह्याले जायचं आहे ना?”

“जायचं आहे. पण चुकीचं लिहून कायले जाऊ?”

गणित मला वाचता आलं नाही. पण वहीत खाडाखोड करकरून एकच उत्तर तिनं तीनदा काढलं होतं. मी तर एकदाही न काढता मार्कर उचलला होता. मी कागद हलकेच सोडवला, माझ्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘ही चूक मुलीची नाही, वडिलांची.’ मग तिचा कागद त्याच्या वरच्या बाजूला नीट चिकटवला.

सुट्टीत सर परत आले. त्यांनी दोन्ही वाचलं. “म्हणजे तुम्ही ऐकणार नाही?”

“नाही सर. नाव कापायचं तर कापा. पट्टी बदलणार नाही.”

त्यांनी कापलं. आमच्यासमोर, पेन दाबून.

मुलीचे डोळे भरले. सामान बांधू का, विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. तेवढ्यात सहावीची पोरं आली. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि सर दोन टेबलं पलीकडे असतानाच, त्यांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “सांगा बरं, चंद्र पळून काहून जात नाही?”

मी तिच्या शेजारी उभा राहून पोरांना माझी खोडलेली ओळ दाखवत होतो.