राखणदाराची जागा

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घाबरायला मला पुढे सासूबाई पुरल्या. पण हा अनुभव त्यांच्याही आधीचा, सत्तरच्या दशकातला.

मी तेव्हा सोलापूरला फर्स्ट इयर सायन्सला. प्रॅक्टिकलला परीक्षानळ्या फोडायच्या आणि घरीदारी विज्ञान शिकवायचं, एवढंच येत होतं! मंद्रूपच्या पुढे ओळखीच्या एका आप्पांचं शेत. हुरड्याच्या सीझनला त्यांच्याकडे शहरातले पाहुणे उतरायचे. तिथे मी महिनाभर कामाला होते. घोंगड्या अंथरायच्या, शेंगाचटणी वाढायची, पाहुण्यांच्या पोरांवर लक्ष ठेवायचं. आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा, शेतावर राबणाऱ्या गंगव्वाकडे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं ती गरमागरम तळहातावर चोळायची. मी एकदाच चोळायला गेले, आठवडाभर फोड मिरवले.

आगटीभोवती एक जागा रोज रिकामी सोडायची आणि पहिला मूठभर हुरडा तिथे ठेवायचा. राखणदाराचा.

"कोण राखणदार?"

"म्हातारा. माळ्यावर बसून पाखरं राखायचा. मेला त्यो, पर जागा त्याचीच हाय की."

"मेलेला माणूस हुरडा खातो होय गं?"

"तू खातीस तेवडा न्हाय खात."

एका रविवारी गर्दी झाली. पाहुण्यांच्या पाच वर्षांच्या सुमीला बसायला जागाच उरली नाही. गंगव्वा खोपीत गेलेली... मी तो हुरडा बाजूला सारला आणि पोरीला तिथे बसवलं. सायन्स ना!

गंगव्वा परतली आणि जागीच थिजली. "उटव तिला. आदी उटव!"

"बसू दे गं, काही होत नाही," म्हणत मी चटणी घ्यायला वळले. परत पाहते तो... सुमी नाही.

भर दुपार. शाळू माझ्यापेक्षा दोन हात उंच. आत शिरलं की चार पावलांवरचं दिसेना, पानं तोंडावर सपासप लागत होती. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली — एवढ्या भरल्या पिकात एकही पाखरू ओरडत नव्हतं. पलीकडे बिनकठड्याची विहीर. गड्यांनी तिच्यात गळ टाकला, तेव्हा सुमीच्या आईने माझं मनगट धरलं. "तुझ्या भरवशावर सोडली होती गं..."

तेवढ्यात वरून हाक आली, "ताई!"

सुमी माळ्यावर. चार खांबांवर, दोन पुरुष उंच. शिडी? ती सकाळी मीच ओढत आगटीपाशी नेली होती, मांडव बांधायला. तिथेच होती. गडी पळत जाऊन घेऊन आले. मी चढले.

सुमी मांडी घालून बसलेली. मूठ घट्ट.

"कुणी चढवलं गं तुला?"

"आजोबांनी. म्हणाले, तू माझ्या जागेवर बसलीस, आता माझ्या वाटची राखण तू कर. मी घरी जातो."

तिने मूठ उघडून हुरडा माझ्या हातावर ठेवला. स्वच्छ चोळलेला. मला चटका बसला! आगटी दोन शेतं लांब होती. पोरीच्या तळव्यावर लालीसुद्धा नव्हती.

आगटीपाशी परतलो, तर गंगव्वाने नवा मूठभर हुरडा त्या जागेवर ठेवला, हात जोडले.

कुणीतरी खांद्यावर घेऊन चढवलं असेल, असं आमचे हे म्हणतात. असेल. पण तो चटका? पन्नास वर्षं झाली त्याला. आता जानेवारीत गॅसवर हुरडा भाजते, नातवंडं दाटीवाटीने बसतात. एक जागा मी मोकळी ठेवते. "आजी, कुणाची गं?" म्हणून हसतात, मीही हसते. पण कुणी तिकडे सरकलं की ओरडते... आणि ते ओरडणं चेष्टेतलं नसतं.