आक्कांच्या कानांनी खेळलेला दुसरा भाग

वडगावच्या आक्का शेजारी बसल्या, म्हणून त्या भुताच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग माझ्याकडून पुरा झाला.

आठवीत शाळा सोडून मी लातूरकडून इथं यंत्रमागावर कामाला आलो. आक्का आमच्या मालकीणबाई. गेमचा पहिला भाग गावी धाकट्या भावाबरोबर खेळलो होतो. तो किंचाळला की मी हसायचो, मी दचकलो की तो. त्या गेममधल्या नायकाची हरवलेली बहीण शेवटपर्यंत सापडलीच नाही. दुसऱ्या भागात सापडते का, हे मी खेळून सांगायचं ठरलं होतं. फोनवर तो आधी तेच विचारायचा. पण एकट्यानं दुसऱ्या भागातल्या पडक्या दवाखान्यात शिरायचा मला धीर होईना.

रविवारी माग बंद होते. आक्कांनी घरातला कॉम्प्युटर लावून दिला आणि मागासाठी कांड्यांवर सूत भरत बाजूला बसल्या.

"दिसाढवळ्या भितोस व्हय रं? मी हाय न्हवं!"

दवाखान्यात नळाची टपटप सतत चालू होती. मी दर वेळी एकाच दाराशी मरत होतो. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "थांब रं! टपटप बंद झाली बघ. माग गप झाला की धागा तुटला समजायचं."

म्हणजे भूत जवळ आलं की टपटप थांबत होती! मी कपाटात लपलो. भूत दारावरून निघून गेलं. पुढं सगळा खेळ तसाच झाला, डोळे माझे आणि कान आक्कांचे.

भावाला फोन लावला, तर माझ्याआधी आक्काच ओरडल्या, "गावली रं तुझी भैन!"

तिसरा भाग येईल तेव्हा माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर आक्का खेळतील, आणि त्या दिवशीच्या कांड्या मी भरीन.