विदुलाचं फंक्शन

विदुला गेली हे कळलं तेव्हा मी तिलाच एक शंका विचारायला फोन उचलला होता. कावीळ झाली म्हणून ती रजेवर होती. तिच्या गावी, मुरब्याला, शेजाऱ्यांकडे फोन लागायचा. पलीकडून कुणीतरी म्हणालं, “ती नाय आता.” आणि मी वेड्यासारखं विचारलं, “मग कधी येईल?”... ते वाक्य अजून माझा पिच्छा सोडत नाही.

तारापूरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात डेटाबेस आला आणि कामगारांच्या तपासणीचं काम संगणक विभागात माझ्या शेजारी बसणाऱ्या विदुलाच्या गळ्यात पडलं. रोज कामावर येताना दवाखान्यात प्रत्येकाचा श्वास तपासायचा, आकडा संगणकात भरायचा, आणि विदुलाने लिहिलेलं फंक्शन, म्हणजे हिशेब करून उत्तर देणारा प्रोग्रॅमचा तुकडा, ठरवायचं, हा माणूस आज ॲसिडच्या शेडमध्ये जाऊ शकतो की नाही. पण यंत्र कसलं अडाणी! फंक्शनच्या आत केवढा हिशेब आहे, हे त्याला दिसतच नसे. ते आधी अख्ख्या कारखान्यातल्या माणसांसाठी फंक्शन चालवायचं आणि मग त्यातून चालू शिफ्टची माणसं निवडायचं. गेटवर रांग तुंबायची, शिव्या आम्हाला. मी म्हटलं, आदल्या दिवशीचीच उत्तरं साठवून ठेवू, झटक्यात मिळतील. विदुला उसळली, “कालचा दम आज कुठे हाय रे? आमच्या हेमंतला बघ जरा.” हेमंत तिचा नवरा, त्याच शेडमधला, छातीने हैराण. शेवटी तिने क्वेरीच, म्हणजे यंत्राकडे माहिती मागायची आज्ञाच, मोडून नव्याने लिहिली. आधी शिफ्ट निवडायची, मग उरलेल्यांपुरतंच फंक्शन चालवायचं. रांग सरकायला लागली. मी बोईसर नाक्यावर तिला चहा पाजून हार मानली.

ती गेल्यावर साहेबांनी उत्तरं साठवायचा विषय पुन्हा काढला. “कालचा श्वास आज चालत नाही,” मी ताडकन म्हणालो. आवाज माझा होता, बोलणं तिचं.

ती गेल्यानंतर परवा हेमंत पहिल्यांदाच कामावर आला. दवाखान्यातल्या यंत्रावर मीच बसलो होतो. श्वासाचा आकडा घसरलेला. पडद्यावर विदुलाने लिहून ठेवलेली ओळ उमटली, ‘आज नको. बाहेर बस.’

“आत जाऊ दे ना,” तो म्हणाला. “घर खायला उठतंय.”

एक कळ दाबून मी त्याला सोडू शकलो असतो... हात उठला नाही. त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग हेल्मेट काढून बाकावर बसला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाला. “तिच्यापुढे माजं कधी चाललं हाय?”