टेपवरचा म्हातारा

माझ्या आत्याला आणि धाकट्या काकाला बेसबॉलचं वेड होतं, आणि गंमत म्हणजे दोघांनीही जन्मात कधी बॅट हातात धरली नव्हती. आत्या शाळेत इतिहास शिकवायची, काका बंदरावर दुभाषा होता. दोघंही बिनलग्नाची; एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. हा खेळ देशोदेशी कसा पोचला, तिथल्या लोकांनी त्याला आपलंसं कसं केलं, यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. जपानमध्ये खेळाडू मैदानात पाऊल टाकताना मैदानालाच वाकून मान देतात. क्युबात परक्या राज्यकर्त्यांनी या खेळावर बंदी घातली, तेव्हा तो लोकांना जास्तच आपला वाटायला लागला. त्यांच्याकडे जेवायला बसलं की असलंच काहीतरी ऐकायला मिळायचं.

बंदरात जहाज लागलं की काका म्हातारे खलाशी हुडकायचा आणि त्यांच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवायचा. घरी येऊन तो एकेक वाक्य मराठीत सांगे, आत्या टाइप करी. खटके उडायचेच.

"ताई, तो असं बोललाच नाही! तू त्याच्या तोंडात मास्तरीण कोंबतेस."

"मग त्याने नीट बोलावं ना."

एका संध्याकाळी काका हरखून घरी आला. क्युबाचा एक म्हातारा भेटला होता. आता जहाजावर आचारी, पण तरुणपणी नावाजलेला गोलंदाज. "काय माणूस आहे, ताई! उद्या सगळं सांगतो. आज बोलून बोलून घसा बसलाय."

सकाळी दाढी करता करता काका कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. चार भाषा पाण्यासारख्या बोलणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला: 'हो'. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो.

घरी आणल्यावर आत्याने त्या क्युबाच्या म्हाताऱ्याची टेप लावली. तिला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं. काका डोळे मिटून ऐकत होता. एका जागी तो खदखदून हसला. दुसऱ्या दिवशीही नेमका तिथेच हसला. आत्याचा चेहरा उजळला. मला म्हणाली, "बघ, त्याला सगळं समजतंय! म्हातारा काहीतरी चावट बोलला असणार." मग रोज चहानंतर टेप लागायची आणि त्या जागी दोघं मिळून हसायची. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, यांना कारण नसताना हसू येईल, रडूही येईल. आत्याने ते कानाआड केलं.

पुढे प्रकाशकाने तगादा लावला, तेव्हा तिने स्पॅनिश शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला घरी बोलावलं. काका आतल्या खोलीत झोपला होता. आम्ही स्वयंपाकघरात बसून ऐकत होतो. ती जागा आली तशी आत्याने हात वर केला.

"इथे! इथे काय म्हणतोय?"

शिक्षिका जरा घुटमळली. "भावाबद्दल सांगताहेत. लहानपणी दोघं काठीने खेळायचे. भाऊ तापाने गेला, तेव्हा हे परगावी सामना खेळत होते. मैदानावरच निरोप आला, असं म्हणताहेत."

"आणि विनोद?"

"विनोद नाही हो काही."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावली. आवाजाने काका जागा झाला, भिंत धरत दारापर्यंत आला. ती जागा आली आणि तो हसला. आत्या हसली नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसता हसता थांबला.

"हो," तो म्हणाला.

"हो रे," आत्या म्हणाली आणि त्याला बसायला खुर्ची पुढे ओढली.

त्याला काय समजत होतं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच थंडीत काका गेला. पुस्तक निघालं, दोघांच्या नावाने. छापण्याआधी आत्याने सगळं तपासलं, स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. क्युबाच्या प्रकरणाची पानं मात्र तिने माझ्यापुढे सरकवली.

"हे तू वाच," म्हणाली, आणि उठून गॅलरीत गेली.