बिडाचा तवा, एक नग

घटस्फोटात वस्तूंची यादी करावी लागते, हे मला माझ्याच घटस्फोटात कळलं. केबिन रोडवर एका साडीच्या दुकानाच्या वर आमच्या वकीलबाईंचं ऑफिस होतं. त्या म्हणाल्या, "माहेरून काय काय आणलंत ते लिहून द्या. म्युच्युअल आहे, भांडण नको. एकदा सह्या झाल्या की मॅटर क्लोज." दहा वर्षांचा संसार, आणि म्हणे मॅटर क्लोज! असा राग आला होता, पण त्यांचं तरी काय चुकत होतं?

आमचं का बिनसलं ते इथे लिहीत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही, एवढं पुरे. मूलबाळ नव्हतं, म्हणून वाटून घ्यायला फक्त सामान होतं. पण घरात सासूबाईही होत्या. त्यांचं काय करायचं, याला कुठल्याच कागदात रकाना नव्हता.

सासूबाई रत्नागिरीकडच्या. सहीपुरती अक्षरं यायची, वाचता यायचं नाही. स्मरणशक्ती मात्र दांडगी. जेसल पार्कच्या घरात मी यादी करायला बसले, तर मीच विसरलेल्या वस्तू त्या कांदा चिरता चिरता सांगायला लागल्या. "पितळेचा डबा लिहिलास? तुझ्या मामाने दिलेला. आणि ती निळी सतरंजी?" पोटच्या मुलाच्या विरुद्ध बाजूच्या साक्षीदार झाल्या होत्या बाई. शेवटी म्हणाल्या, "बिडाचा तवा लिही."

"आई, तो तुमचा आहे. तुमच्या लग्नातला."

"लिही गो. मला आता तो उचलवत नाही." मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "आणि जागा उरली तर माझं पण नाव घाल."

आम्ही दोघी हसलो. मग मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

यादी नवऱ्याने वकीलबाईंच्या ऑफिसात वाचली. तव्याच्या ओळीवर तो थांबला. लहानपणापासून त्याने त्याच तव्यावरची घावनं खाल्लेली. तवा कोणाचा, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? माझ्याकडे न बघता त्याने सही केली. त्या माणसावर माझा कितीही राग असो, ती सही मी विसरणार नाही.

मग अटी वाचून झाल्या. शेवटची अट अशी होती, की यापुढे दोघांचा एकमेकांशी आणि एकमेकांच्या कुटुंबीयांशी कोणताही संबंध राहणार नाही. 'कुटुंबीय' हा शब्द काढता येईल का, असं मी विचारलं.

"मॅडम, ही फॉरमॅटची ओळ आहे. सगळ्यांच्यात असते."

ठाण्याच्या कोर्टात साहेबांनी विचारलं, समजून उमजून सही करताय ना? मी हो म्हणाले. समजलं होतं, उमजायचं बाकी होतं.

मी स्टेशनच्या पलीकडे, वेस्टला भाड्याने खोली घेतली. सासूबाईंकडे स्वतःचा मोबाइल नव्हता. घरच्या फोनवर दोनदा लावला, दोन्ही वेळा त्याने उचलला आणि मी ठेवून दिला. तव्यावर घावन चिकटायचं. विचारणार कोणाला? उलथन्याने खरवडून, तुकडे तुकडे तसेच खायचे.

वर्षभराने जुन्या शेजारच्या गुजराती भाभींचा फोन आला. "आपकी मम्मी गिर गई बाथरूम में. भैया का फोन नहीं लग रहा. हम हॉस्पिटल ले आए हैं, आप जल्दी आओ." आपकी मम्मी! भाभींना आमच्या अटी कोणी वाचून दाखवल्या नव्हत्या. मी ऑफिसातून रिक्षाने थेट हॉस्पिटल गाठलं.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. नाव लिहिलं, वय लिहिलं. मग रकाना आला: पेशंटशी नातं. पेन तिथेच अडलं. सून लिहावं तर कोर्टाने खोडलेलं. काहीच नाही लिहावं तर मग मी इथे आले कशाला? मागे रांग वाढत होती. मी 'शेजारीण' लिहिलं. राहते वेस्टला, आणि म्हणे शेजारीण!

सासूबाई स्ट्रेचरवर होत्या. पाय मोडला होता, तोंड पांढरं पडलं होतं. मला बघून त्यांनी पहिली चौकशी केली ती तव्याची. "चिकटतो काय गो?"

"चिकटतो."

"अर्धा कांदा घे, तेलात बुडव आणि चोळ. मी सांगायची राहिले." मग माझ्या हातातल्या फॉर्मकडे त्यांनी बोट केलं. "माझी कोण म्हणून लिहिलंस?"

मी फॉर्म त्यांच्यासमोरच धरला होता. लपवायची गरज नव्हती.

"सून," मी म्हणाले.

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.