काळ्या पात्यांचे चाकूकाका

चाकूकाकांच्या उजव्या खिशात चाकू असायचा आणि डाव्या खिशात फळ. फळ नसेल तर चाकूही घरीच राहायचा. "या देशात चाकू का बाळगतोस याला नीट कारण लागतं," ते म्हणायचे. "नुसता चाकू सापडला तर मी गुंड. सोबत पेरू सापडला तर मी काका." एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पोलिसाने त्यांना खरंच हटकलं. काकांनी शांतपणे डाव्या खिशातून पेअर काढलं, गाडीच्या बॉनेटवर रुमाल पसरला आणि कापायला घेतलं. पोलीस दोन फोडी खाऊन 'नो वरीज' म्हणून गेला, असं ते सांगत. मला विचाराल तर एकच फोड खाल्ली असणार. दुसरी काकांनी पदरची घातली.

ऑस्ट्रेलियातल्या या टूवूंबात आम्ही मराठी घरं मोजकीच. काका इथल्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. काकू बऱ्याच आधी गेलेल्या, मुलगी पर्थला. मी इथल्या युनिव्हर्सिटीत नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती आणि इथे बसची वाट बघणं म्हणजे तपश्चर्याच. पहिले काही महिने काकाच मला सोडायचे. मी सीटबेल्ट लावेपर्यंत हातात सफरचंदाची फोड यायची. नाश्ता केलाय असं सांगून उपयोग नसायचा.

त्यांचे चाकू सगळे जुने, अमेरिकन आणि घडीचे. मूठ हाडाची, मध्ये पितळ, पातं साध्या पोलादाचं. पहिला मिळाला तो अपघाताने. इथे नवीन आलेले असताना घरातलं जुनं सामान विकतात तशा एका गराज सेलमधून त्यांनी पाना हवा म्हणून हत्यारांची पेटी उचलली आणि तिच्या तळाशी हा निघाला. "मी जन्मायच्या आधी तो कारखाना बंद पडला गं," ते मला सांगत होते. "मालक गेले, कारागीर गेले, आणि स्प्रिंग बघ, अजून टकाटक! आणि माझं काम काय? पेशंट जागा झाला की त्याला मी आठवतसुद्धा नाही." मग चाकू कानाशी नेऊन मिटायचे. 'टक्' असा आवाज आला की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू नातवाने पहिला शब्द उच्चारला. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी त्यांना वाढदिवसाला कात्री, ओपनर, टूथपिक असं सगळं असलेला नवाकोरा चाकू दिला, तर म्हणाले, "छान आहे हो. पण हा चाकू नाही, ही कचेरी आहे."

चाकू ते कधी कुणाच्या हातात देत नसत. टेबलावर ठेवायचे आणि आपण उचलायचा. हातात दिला की भांडण होतं, असं आपल्याकडे म्हणतात ना! मी एकदा चिडवलं, "काका, तुम्ही डॉक्टर ना?" तर म्हणाले, "डॉक्टर आहे म्हणूनच. उगाच रिस्क कशाला घ्या? तुझ्याशी भांडायची ताकद आहे का माझ्यात?" नव्हतीच. माझं तोंड अख्ख्या टूवूंबाला माहीत आहे.

पण त्यांचा खरा जीव होता तो पात्यांच्या काळेपणावर. हे जुनं पोलाद फळं कापून कापून आधी करडं होतं, मग निळसर, मग आपल्या लोखंडी तव्यासारखं काळं. जाणकार लोक तोच रंग बघतात आणि त्याला कुणी घासत नाही. घासला की चाकूची सगळी पुण्याई गेली. "हे डाग नाहीत," काका म्हणायचे. "आजवर या चाकूने जे जे कापलं ना, ते सगळं इथे लिहिलंय."

इथल्या जुने चाकू जमवणाऱ्यांचा एक क्लब आहे. वर्षातून एकदा हॉलमध्ये टेबलं मांडून त्यांचं प्रदर्शन भरतं. काका वर्षानुवर्षं तिथे जाऊन नुसते बघून यायचे. ती दाढीवाली ऑस्ट्रेलियन म्हातारी मंडळी त्यांच्याशी गोड बोलत, पण चाकू मांडायला टेबल काही देत नसत. आणि एका वर्षी मिळालं! क्लबचा अध्यक्ष केव्हिन, पूर्वी मेंढ्यांची लोकर कापायचा, त्याने स्वतः फोन केला. काकांनी ही बातमी मला इतक्या वेळा सांगितली की शेवटी मी हात जोडले. प्रदर्शन शनिवारी होतं, नेमकं खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी.

त्या वर्षी माझी आई सांगलीहून आली होती. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा व्हायलाच हवी, हा तिचा हट्ट. माझा लॅपटॉप, मिक्सर, गाडीची किल्ली, सगळं पाटावर मांडायचं ठरलं. काकांना हे इतकं आवडलं की सकाळीच ते आपली चाकूंची पेटी आमच्याकडे ठेवून गेले. संध्याकाळी पूजा, आणि दुसऱ्या दिवशी इथूनच माझ्या गाडीतून प्रदर्शनाला.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. काळं भांडं दिसलं की तिला चैन पडत नाही. लग्नाला गेली तरी तिथल्या समया घासून येईल. दुपारी मी कामावरून आले तर ओट्यावर स्वच्छ पंचा अंथरलेला, आणि त्यावर काकांचे सगळे चाकू, पाती उघडून, एका ओळीत. लखलखीत! बाजूला चिंचेचा चोथा, मीठ, आणि सुरकुतलेल्या बोटांची, घामाघूम झालेली माझी आई.

"देवापुढे अशा काळ्याकुट्ट सुऱ्या ठेवायच्या का?" ती म्हणाली. "एकटा पुरुष माणूस, त्याला कोण घासून देणार? खांदे भरून आले बाई माझे."

मी तोंड उघडणार, एवढ्यात दारात काका.

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. भूलतज्ज्ञाचा चेहरा तो, ऑपरेशन टेबलवर काहीही झालं तरी हलायचा नाही. पण मी बघितलं, त्यांनी ओट्याची कड धरली होती. मग एक चाकू उचलला, कानाशी नेला, मिटला. टक्.

"वा, ताई!" ते म्हणाले. "अहो, कारखान्यातूनसुद्धा इतक्या स्वच्छ निघाल्या नसतील. मला चकचकीतच आवडतात, पण हात कुठे पोचतो माझा?"

आई लाजली हो! मी काकांना ओढत बॅकयार्डात नेलं. "मी आत्ता जाऊन तिला सांगते," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "उद्या ते लोक तुम्हाला हसतील. इतकी वर्षं वाट बघितलीत टेबलाची!"

"खबरदार सांगितलंस तर," काका म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. "पाती परत काळी होतील. या देशात फळं काय कमी आहेत? तुझ्या आईचं तोंड उतरलं तर ते मला दुरुस्त करता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी आई इरकल नेसून तयार. "माझी मेहनत बघायला नको?" हॉलमध्ये काकांनी टेबल मांडलं. काळ्या-करड्या चाकूंच्या त्या हॉलमध्ये आमचं एकच टेबल स्टीलच्या वाट्यांच्या दुकानासारखं चमकत होतं. केव्हिन आला, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, पातं उघडलं आणि लालबुंद झाला. "स्ट्रूथ! हू द हेल..."

काका पुढे वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलले. केव्हिनने मान वर केली. समोर माझी आई, हात जोडून, हसत उभी. त्याने डोक्यावरची हॅट काढली.

"ब्यूटिफुल जॉब, लव्ह," तो म्हणाला.

आणि मग काय सांगू! कुजबुज टेबलामागून टेबल पुढे सरकत गेली. एकेक म्हातारा उठून यायचा, चाकू हातात घ्यायचा, आवंढा गिळायचा आणि आईकडे बघून म्हणायचा, "व्हेरी शायनी!" आई मला कोपराने ढोसत होती. "बघ, यांना कळतं. तुलाच मेलीला कौतुक नाही." थोड्या वेळाने तिने सगळ्या हॉलवर नजर फिरवली. "अगं, यांच्यापण काळ्याच आहेत की. सांग त्यांना, घरी चिंच शिल्लक आहे." मी भाषांतर करायच्या आत केव्हिनने आपली पेटी छातीशी धरली होती. मराठी न कळता कशी धरली, देव जाणे.

पुढच्या वर्षी काकांना टेबल परत मिळालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. दरम्यान आमच्या मराठी मंडळाने जितकी फळं खाल्ली तितकी कुणी आजारपणातही खात नसेल. काका रोज कापायचे. कैऱ्या, लिंबं, पेअर, अननस. आई परत सांगलीला गेली होती. तिला ते फोनवर सांगत, "सगळं चकचकीत आहे हो, ताई." आणि मला हळूच पातं दाखवत. करडं झालं. मग निळसर. "येतंय गं, येतंय," म्हणत.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. पर्थहून त्यांची मुलगी आली आणि ती पेटी माझ्या टेबलावर ठेवली. हातात दिली नाही. "बाबा म्हणाले होते, कपाटात ठेवणाऱ्याला देऊ नकोस, कापणाऱ्याला दे." मी पेटी उघडली. सगळी पाती काळी. मला त्या काळ्या पात्यांकडे बघून जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना.

यंदा आई पुन्हा आली. आता हळू चालते, एकच गोष्ट परत परत विचारते. काका गेल्याचं तिला तीनदा सांगावं लागलं आणि तिन्ही वेळा ती रडली. खंडेनवमीच्या सकाळी तिला फळांच्या टोपलीमागे ती पेटी सापडली.

"काय गं ही दशा केलीस!" ती माझ्यावर कडाडली. "माणूस गेला म्हणून त्याच्या वस्तूंची आबाळ करायची? डॉक्टरांना चकचकीत आवडायच्या. मला स्वतः सांगितलं होतं त्यांनी."

मी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि चिंच कोमट पाण्यात भिजत घातली.