मुक्ताच्या कार्डांवरची लाल पेन्सिल

मी आणि माझी बायको नलिनी नोकरीसाठी बेंगळूरला निघालो तेव्हा आई स्टेशनवर आली नाही. मिरजेच्या आमच्या दोन खोल्यांच्या दारातच उभी राहून म्हणाली, "पोरीची काळजी करू नकोस. माझं लक्ष आहे तिच्यावर." मुक्ता तेव्हा पाचवीत होती. ती रडली नाही. माझ्या बॅगेची चेन नीट लागली आहे का, ते तिने दोनदा वाकून बघितलं.

तिला मागे ठेवायची कारणं आमच्याकडे भरपूर होती. शाळेचं वर्ष अर्धं झालेलं, कन्नड अक्षरं नवी, आणि जयनगरात आम्हाला मिळालेली एकच खोली. क्वार्टर मिळालं की आणू, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

मुक्ताच्या वर्गाला साळुंखेबाई होत्या. दर शनिवारी त्या मुलांकडून पालकांसाठी एक कार्ड लिहून घेत. वरच्या भागात 'शाळेचा अभ्यास', म्हणजे आठवडाभर काय दिलं ते. खालच्या भागात 'माझा प्रश्न': मुलाने स्वतः निवडायचा आणि स्वतःच शोधायचा. इतर मुलं कार्ड घरी नेत. मुक्ताचं पोस्टाने माझ्याकडे येई. पहिल्या कार्डासोबत बाईंची चिठ्ठी होती. प्रश्न मुलांचा आहे, पालकांनी फक्त वाचावा, एवढंच त्यात लिहिलेलं.

फक्त वाचणं मला जमलं नाही. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझं कामच यंत्रांची ड्रॉइंग्ज तपासायचं. दिवसभर लाल पेन्सिल हातात असे आणि घरी आल्यावरही ती खिशात राही. मी मुक्ताचं कार्ड तपासून, खुणा करून, पाकिटात घालून परत पाठवायचो. लांब असूनही बापाचं कर्तव्य करतोय, असं मला वाटे. नलिनी एकदा म्हणाली, "अहो, पोरगी पत्र लिहिते, ड्रॉइंग नाही." मी हसण्यावारी नेलं.

सहावीत असताना एका कार्डावर तिने लिहिलं होतं: 'माझा प्रश्न. आजीला इतकी तहान का लागते? मी रविवारी मोजले. ती अकरा तांबे पाणी प्यायली. उन्हाळा नाही.' खाली मी लाल अक्षरात लिहिलं: 'मोजणी चांगली. पण विषय अभ्यासाचा घे. उदा. वनस्पती, हवामान.'

पुढच्या शनिवारपासून हवामान आलं. नंतर पानांचे प्रकार. एकही चूक नसलेली कार्डं. मी ती ऑफिसात कौतुकाने दाखवली.

सात-आठ महिन्यांनी आईच्या पायाची जखम भरेना, म्हणून आम्ही धावत मिरजेला गेलो. तपासणीत साखर भयंकर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी जास्त पितात हे कधीपासून? मुक्ता दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही कल्पना नाही." आई त्या जखमेतून उठली नाही.

आईच्या ट्रंकेत मी परत पाठवलेली सगळी कार्डं तारखेप्रमाणे रचलेली सापडली. आईला वाचता येत होतं. अकरा तांब्यांचं कार्डही तिने वाचलं असणार, आणि त्याखालचं माझं उत्तरही.

मिरजेच्या मंडळींनो, "तू लांब होतास, तुला कसं कळणार?" असं तुम्ही मला आजही समजावता. मला कळवलं होतं. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

मुक्ता आता इथेच आमच्याजवळ आहे, नववीत. झकास कन्नड बोलते, रिक्षावाल्याशी माझ्या वतीने भांडते. तिच्या शाळेच्या डायरीवर रोज पालकांची सही लागते. मागे तिच्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, मुलगी हुशार आहे, पण प्रोजेक्टचा विषय कधीच स्वतः निवडत नाही, तिला स्वल्प मोकळं सोडा. त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, तुला हवा तो विषय घे, मी बघणारसुद्धा नाही. तिने विचारलं, "पण बाबा, कुठला चालेल?"

मिरजेच्या खोल्या आम्ही सोडल्या. आता घर म्हणजे हे जेवणाचं टेबल. एका बाजूला ती अभ्यास करते, दुसऱ्या बाजूला मी बसतो. हल्ली मी पाण्यासाठी उठलो, की तिची नजर वहीवरून वर येते आणि ग्लास खाली ठेवेपर्यंत माझ्यावर राहते. मग ती पुन्हा वहीत बघते. काही लिहीत नाही.